राजवाड्यातले रातकिडे

मी पोटासाठी यंत्रांना झोपवतो. हे वाक्य मी आजवर अनेकांना अनेक तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी उमटलेली पाहिली आहे. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात माणूस एक तर मास्तर असतो, नाहीतर सरकारी खात्यात, नाहीतर हरमलला त्याच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. मी घरी बनियनवर बसून बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये पॉवर मॅनेजमेंट बघतो, हे कोणाला पटण्यासारखं नाहीच. मला स्थळं येत होती त्या काळात आई मुलीकडच्यांना सरळ सांगायची, "तो मशिनांक निजयता." त्यावर एका मुलीच्या मामाने विचारलं होतं, "आनी दिसाचो कितें करता?" म्हणजे, दिवसा काय करतो? ते स्थळ पुढे सरकलं नाही.

खरं तर काम सांगायला सोपं आहे. कर्नल म्हणजे कंप्युटरच्या आतला कारभारी. कोणाला काय, कधी आणि किती द्यायचं हे तो ठरवतो. अख्खा कंप्युटर बंद करणं कोणालाही जमतं. आमचं काम त्याहून नाजूक. कंप्युटर चालू असतानाच त्याच्या आतलं जे उपकरण या क्षणी कोणाच्या उपयोगाचं नाही ते हळूच झोपवायचं, आणि कोणी हाक मारली की तितक्याच हळूच उठवायचं. कॅमेरा, वायफाय, आवाजाची चिप, सगळ्यांना हाच नियम. त्यासाठी प्रत्येक उपकरणापाशी एक आकडा असतो. वापरायला घेतलं की आकडा एकने वाढवायचा, काम झालं की एकने उतरवायचा. शून्य झाला की झोप. पोरं, म्हणजे खाली जोडलेली उपकरणं, जागी असली तर वरच्या आईबाप उपकरणाने झोपायचं नाही, असाही नियम आहे, आणि तो कोणीतरी आमच्या आईला विचारून घातला असावा.

शून्य झाला तरी लगेच झोपवायचं मात्र नसतं. थोडं थांबायचं. का, ते कळायला आमच्या घरी पाहुणा आलेला बघावा. पाहुणा "येतंय हां" म्हणून उठतो, चपला घालतो, आणि मग पायरीवर उभा राहून जे बोलायला आला होता ते बोलायला लागतो. त्यामुळे तो फाटकाबाहेर पडेपर्यंत आई पंख्याच्या बटणाला हात लावत नाही. उपकरणांचंही तसंच असतं, झोपवण्यात आणि परत उठवण्यात वेळ जातो. ही मधली मुदत किती ठेवायची यावर जगभरचे लोक ईमेलवर हमरीतुमरीवर येतात, आणि त्यात भाग घ्यायचा मला पगार मिळतो.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आवाजाच्या चिपला मी एका सेकंदाची मुदत दिली होती. एक सेकंद शांतता झाली की चिप गाढ झोपली. बॅटरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुरायची आणि ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याने न विचारताच सांगायचो. माझी ही फुशारकी शेवटी आमच्या जत्रेच्या नाटकात जाऊन शिरेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर नाटक होतं. पूर्वी ते उजाडेपर्यंत चालायचं. आता दहानंतर लाऊडस्पीकर लावायला बंदी, म्हणून दिवेलागणीलाच पडदा उघडतो आणि दहाच्या आत सगळ्यांना मरावं किंवा पश्चात्ताप पावावं लागतं. नाटक दर वर्षी तेच. म्हातारा राजा, त्याचा एकुलता एक मुलगा, कपटी सेनापती, युद्ध, मुलाचा मृत्यू आणि राजाचा शोक. दुसरं नाटक घेऊया अशी सूचना दर वर्षी येते, आणि सूचना करणाऱ्याचं लक्ष काकांकडे गेलं की मागे घेतली जाते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली, शेवटची वर्षं वाळपईला. काकी गेल्यापासून जेवायला आमच्याकडे आणि झोपायला त्यांच्या घरी, मधली भिंत सामाईक. नाटकातला राजा तेच. मला कळायला लागल्यापासून तेच. घरात ते आमच्यासारखंच बोलतात, पण रंगमंचावर पाऊल ठेवलं की अशी शुद्ध मराठी सुरू होते की आई पदर सावरून बसते.

त्यांची खरी ख्याती मौनाची. तिसऱ्या अंकात दूत येतो, गुडघे टेकतो आणि राजपुत्र पडल्याची बातमी सांगतो. राजा मान खाली घालतो, डोळे मिटतो आणि बोलतच नाही. बऱ्याच वेळाने मान वर करतो, डोळे उघडतो, दूरवर कुठेतरी देवळात घंटेचा एक टोल पडतो आणि राजा म्हणतो, "दिवे लावा. माझा मुलगा घरी येतो आहे." तिथून पुढे मोठं स्वगत आणि पडदा. आमच्याकडे नटाची पारख बोलण्यावरून करत नाहीत, तो किती वेळ गप्प राहू शकतो यावरून करतात. बोलतात सगळेच. पण आख्खी जत्रा, खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांसकट, गप्प बसवायची म्हणजे तिथे काकाच हवेत.

आदल्या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. काकांची आठवण दगा द्यायला लागली होती, हे घरात आम्हाला माहीत होतं; त्या दिवशी ते गावाला कळलं. शेवटच्या स्वगतात त्यांची गाडी तिसऱ्या अंकावरून घसरली ती थेट पहिल्या अंकात गेली, आणि नुकत्याच मेलेल्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी दूताला विचारला. प्रॉम्प्टर हे मंडळाचे अध्यक्षच. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, पत्र्यांच्या आवाजावर आवाज चढवून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. त्यांनी पडद्याआडून वाक्य सांगितलं ते शेवटच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले. काकांनी स्वगत पुरं केलं, पण घरी येऊन जेवले नाहीत.

यंदा अध्यक्ष गोड बोलत आले. मास्तरांनी आता मार्गदर्शक व्हावं, पहिल्या रांगेत हार घालून कदेलार बसावं. कदेल म्हणजे खुर्ची, आमच्याकडे ती पोर्तुगीजांनी ठेवलेली आहे. राजाचं काम हरमलला स्कूटर भाड्याने देणाऱ्या आमच्या एका गाववाल्याला मिळणार होतं. आवाज खणखणीत आणि दाढी स्वतःची, म्हणजे चिकटवायची कटकट नाही. आजवर तो दुसऱ्या अंकात सेनापती व्हायचा आणि तिसऱ्यात दूत. पागोटं बदललं की आमच्याकडे माणूस बदलतो.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एक फावट. मागीर तुमच्या कदेलार बसतां."

हे एकदाच करायला मिळावं, यापलीकडे त्यांनी काही मागितलं नाही. अध्यक्षांनी अट घातली की रंगीत तालमीत प्रॉम्प्टिंग लागलं तर स्कूटरवाला राजा. काकांनी मान डोलावली. मी तिथेच होतो. मी उगाच कपबश्या उचलून आत नेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या मेजाशी येऊन उभे राहिले. "पुता, माका प्रॉम्प्टर नाका. आवाज जाय," ते म्हणाले. जाय म्हणजे हवा. त्यांचं म्हणणं असं होतं: शाळेत घंटा वाजली की पाय आपोआप वर्गाकडे वळायचे, कुठला तास हे आठवावं लागायचं नाही. तशी प्रत्येक मोठ्या भाषणाआधी एकेक आवाज ठेवला, शंख, घोडा, वीज, तलवार, तर शब्द त्यामागून येतील. माणूस वाक्य सांगायला लागला की आपण चुकलो हे पहिल्यांदा कळतं आणि मग काहीच सुचत नाही. शंख फुंकला तर कोणी हसत नाही. मला ते इतकं पटलं की मी कंपनीचं काम बाजूला सारून दोन दिवस घोड्यांच्या टापा गोळा केल्या. घंटाही लॅपटॉपमध्येच घेतली. देवळातली घंटा देवासाठी, ती नाटकात वाजवत नाहीत. आजवर तिच्याऐवजी पितळेची थाळी वाजवायचे, आणि ती वाजली की मागच्या रांगेतली मंडळी सवयीने जेवायला उठायची.

पहिली तालीम देवळाच्या सभामंडपात झाली. माईकवाला डिचोलीच्या बाजूचा, सर्वणचा. एरवी त्याची शेती, जत्रांच्या दिवसांत कर्णे, अँप्लिफायर आणि स्वतःविषयी प्रचंड खात्री. माझा लॅपटॉप त्याच्या पेटीला जोडला आणि नाटक सुरू झालं.

शंख वाजला तो अर्धा. पहिली फुंक गायबच, नुसतं शेपूट. वीज कडाडली नाही, नुसती गुरगुरत गेली. दुसऱ्या अंकात राजा सेनापतीला भर दरबारात थोबाडीत मारतो. काका खरी मारायला तयार नव्हते ("शाळेंत मारलें तितलें पुरो"), म्हणून हात हवेत आणि आवाज लॅपटॉपचा. काकांनी हात फिरवला, स्कूटरवाला गाल धरून कोलमडला, मी बटण दाबलं, आणि कर्ण्यातून काहीही आलं नाही. सभामंडपात बसलेल्या बायकांना वाटलं सेनापतीची दाढ दुखते आहे. आणि काका हात वर धरून तसेच उभे, कारण थोबाडीनंतरचं भाषण थोबाडीच्या आवाजामागून यायचं होतं. ते आलंच नाही. अध्यक्षांनी पुस्तक उघडलं. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी ते मिटलं, पण जरा सावकाशच मिटलं.

"लूज कॉन्टॅक्ट," माईकवाला म्हणाला. त्याच्या शास्त्रात जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ तेच आहे. त्याने वायर बदलली, पिन बदलली, अर्थिंगची तार तुळशीच्या कुंडीत खोचून वर लोटाभर पाणी ओतलं. मीही शहाण्यासारखा मान हलवत वायरी धरून उभा. थोबाडीत परत मुकी. मग वैतागून मी एकटाच ते बटण पटापट दाबत सुटलो. पहिली थोबाडीत नाही. दुसरी सणसणीत. तिसरी सणसणीत. जरा थांबून दाबली तर पुन्हा नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला, आणि उजेड पडल्याचा इतका कमी आनंद मला कधी झाला नव्हता. लूज कॉन्टॅक्ट नव्हता. चिप झोपत होती. माझ्या एका सेकंदाच्या मुदतीने. एक आवाज वाजून दुसऱ्याची वेळ येईपर्यंत लॅपटॉप गप्प असायचा, तो गप्प झाला की ती झोपायची, बटण दाबलं की जागी व्हायला लागायची, आणि तिची झोप उडेपर्यंत थोबाडीत मारून झालेली असायची. कंपनीत आम्ही हे सगळं गाणी लावून तपासलं होतं. काकांसारखा एक शंख फुंकून अंकभर थांबणारा राजा आमच्या तपासणीत कोणी घेतलाच नव्हता.

मी मंडळाला खरं कारण सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "नाटकाक लोक निजल्लें हांवें पळयलां. मशीन निजल्लें पयलेच फावट."

उपाय एका ओळीचा होता. चिपला सांगायचं की झोपूच नकोस. सांगितलं. आता शंख अख्खा, वीज अख्खी, थोबाडीत अशी की स्कूटरवाला खरंच दचकला. पण जागी राहिलेली चिप बारीक सूं सूं करते, कानाला लावून ऐकलं तर ऐकू येईल इतकीच. माईकवाल्याच्या कर्ण्यांतून ती कुकरच्या शिटीआधीच्या वाफेसारखी देवळाच्या आवारात पसरली. काकांनी तिसऱ्या अंकात मान खाली घातली, डोळे मिटले आणि तसेच म्हणाले, "कोण तो फुसफुसता?" माईकवाल्याने त्याच्या पेटीचं बटण खाली केलं तर सूं सूं गेली आणि घंटाही गेली. वर केलं तर दोन्ही आल्या.

मग मी एक युक्ती काढली, तिचा मला अजून थोडा अभिमान आहे. चिपची सवय परत होती तशी केली, एका सेकंदाची. आणि पार्श्वभूमीला रातकिड्यांचा आवाज लावून दिला. रातकिडे किरकिरत आहेत तोवर चिप कोणाच्या तरी उपयोगाची आहे, आकडा शून्यावर येत नाही, ती झोपत नाही. आणि किरकिरीखाली सूं सूंही लपते. कर्नलच्या भाषेत हे अगदी नियमाला धरून होतं. नाटकाच्या भाषेत मात्र भरदुपारी, भरल्या दरबारात, सिंहासनाच्या मागे रातकिडे ओरडत होते.

"राजवाड्यांत रातकिडे कित्याक?" स्कूटरवाल्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. काका दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंकात एक नवीन वाक्य घेऊन आले: "सेनापती, न्याय झोपी गेला की भरदिवसा रातकिडे बोलतात. ऐका." सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्षांनी टाळी वाजवली. एखाद्या चिपची झोप सांभाळण्यासाठी संहितेत भर घातली गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते वाक्य आता नाटकातलं सगळ्यात जुनं वाक्य आहे असं गावात सांगतात.

राहिलं ते फक्त मौन. तिथे रातकिडेही नकोत, काकांनी बजावलं. राजा गप्प म्हणजे सगळं गप्प. ठीक आहे, मी म्हटलं. दूत गुडघे टेकेल तेव्हा मी रातकिडे थांबवतो. सेकंदभरात चिप झोपेल आणि सूं सूंही थांबेल. तुम्ही मान वर केलीत की मी एक बटण दाबतो, त्याने चिप गुपचूप जागी होईल. लगेच तुम्ही डोळे उघडता, तेव्हा मी दुसरं बटण दाबतो, घंटेचं. काका नेहमी मान वर करतात आणि त्याच दमात डोळे उघडतात, हे मी तालमींत नीट बघून ठेवलं होतं. रंगीत तालमीत सगळं बिनचूक झालं. घंटेचा टोल स्वच्छ पडला, "दिवे लावा," म्हणून काका उठले आणि स्वगत एकदाही न अडखळता पार झालं. अध्यक्षांनी पुस्तक न उघडता काखेत घातलं. त्या दिवशी काकांनी आईकडून दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

प्रयोगाला देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आई पहिल्या रांगेत, आदल्या वर्षीच्या हसणाऱ्यांच्या बरोबर पुढे, पाठ ताठ करून बसली होती. मी विंगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन. पहिला अंक झाला, दुसरा झाला, रातकिड्यांच्या वाक्याला अपेक्षेपेक्षा मोठी टाळी पडली. काका एकदा अडले, घोड्यांच्या टापा वाजल्या आणि वाक्य आलं. मला इतकं बरं वाटलं की मी विंगेतल्या माईकवाल्याचा हात दाबला. तो म्हणाला, "पळय, लूज कॉन्टॅक्टच आसलो." पळय म्हणजे बघ; पळण्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा अंक. स्कूटरवाला दूताचं पागोटं घालून आला, गुडघे टेकले, बातमी सांगितली. काकांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. मी रातकिडे थांबवले. सेकंदाने सूं सूं थांबली. जत्रा गप्प झाली, खाज्याच्या दुकानातल्या बाईने तराजू धरून ठेवला. बराच वेळ गेला. काकांनी मान वर केली आणि मी पहिलं बटण दाबलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

तालमीत हे कधी झालं नव्हतं. ते वर तोंड करून, डोळे मिटून तसेच बसले. मग सावकाश डोळे उघडले, मी घंटेचं बटण दाबलं, आणि कर्ण्यातून नुसतं बारीक टक् आलं. माझ्या लक्षात आलं: ते थांबले तेवढ्यात चिप पुन्हा झोपली होती. तिच्या दृष्टीने सेकंदभर कोणालाच तिचं काम नव्हतं. ती आता जागी झालीय, लगेच दाबलं तर घंटा वाजेल, हे मला कळत होतं, पण मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मागचं सगळं पुसलं गेलं असेल का? आता ते कुठल्या अंकात असतील? लोक हसले तर? मला लोकांची पर्वा नव्हती. काकांना स्वतःची लाज वाटेल याची भीती वाटत होती, आणि ती लाज आणली असती माझ्या एका सेकंदाने. भानावर येऊन बटण दाबलं तोवर चिप परत झोपलेली. परत टक्.

समोरच्या विंगेत अध्यक्ष पुस्तक उघडून उभे राहिले. मी त्यांना हातवारे करून बसा, बसा, म्हणून सांगत होतो. आणि तेवढ्यात गुडघे टेकलेला स्कूटरवाला, ज्याला हेच काम हवं होतं, ज्याचे गुडघे एव्हाना बधिर झाले असणार, मान वर करून हळूच म्हणाला, "महाराज, मी इथेच आहे." असं वाक्य नाटकात नाही. आवाज खणखणीतही नव्हता. काकांनी त्याच्या पागोट्यावर हात ठेवला आणि तरीही काही बोलले नाहीत. समोर एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी डोळे मिटून बटण लागोपाठ दोनदा दाबलं. पहिल्याने चिप जागी झाली. दुसऱ्याने घंटेचा टोल पडला, एकच, स्वच्छ, देवळाच्या मागच्या माडांपर्यंत गेला. काका जरा थांबले. "दिवे लावा," ते म्हणाले. "माझा मुलगा घरी येतो आहे." आणि पुढचं सगळं स्वगत, शेवटच्या शब्दापर्यंत, एकदाही न चुकता.

पडदा पडल्यावर जो गलका झाला तो सांगत बसत नाही. असं मौन कोणी पाहिलं नव्हतं, असं सगळे म्हणत होते. अध्यक्ष रडत होते आणि दिग्दर्शन आपलं होतं असं सांगत होते. स्कूटरवाला बाकावर बसून गुडघे चोळत होता, त्याला कोणीतरी सोडा आणून दिला.

काका अग्रशाळेच्या खोलीत आरशासमोर बसले होते, देवळाला लागून असलेल्या पाहुण्यांच्या खोलीत. दाढी निघाली होती, रंग तसाच होता. त्यांचा रंग दर वर्षी मी उतरवतो. मी खोबरेल तेलात कापूस बुडवला.

"घांट वेळार वाजली ना," ते आरशात बघत म्हणाले. आमच्याकडे ना म्हणजे नाही.

"चूक माझी, काका," मी म्हटलं. "तुमी मान वयर काडली तेन्ना हांवें तिका उठयली. पूण दोळे उगडूंक वेळ लागलो आनी ती परत निजली. तुमका याद येवंक ना आनी माका घांट वाजोवंक जमली ना."

"कोणें सांगलें याद येवंक ना म्हण?"

मी हात थांबवला. त्यांनी अर्ध्या पुसलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "'दिवे लावा' तोंडांतच आसलें. मान वयर काडली तेन्नाच आसलें. तुका बटण दाबताना हांव पळयतालों, घामान भिजल्लो."

"मग म्हणलें कित्याक ना?"

"म्हणलें की सगळें सोंपता मरे, पुता. मागीर कदेल," काका म्हणाले आणि परत आरशाकडे वळले.

बाहेर त्यांना कोणीतरी हाका मारत होतं, हार घेऊन उभं होतं. मी दार लोटून घेतलं. त्यांच्या कपाळावरून कापूस फिरवू लागलो, आणि राजाचा रंग उतरायला दर वर्षीपेक्षा जास्त वेळ लागेल इतका हलका हात ठेवला.